साताऱ्या-सांगलीतून राष्ट्रीय युवा महोत्सवापर्यंत : समूहगीताचा संघ कसा बांधावा

आपल्या भागात गाणाऱ्यांची वाण नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, विष्णू दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच शिकले, जत-आटपाडीकडे धनगरी ओव्या अजून रात्र जागवतात आणि वाळवा तालुक्याला शाहिरीची परंपरा आहे. तरीही जिल्हा युवा महोत्सवात समूहगीत सुरू झालं की बहुतेक संघांचं एकच दुखणं ऐकू येतं. सहा चांगले गळे एकाच वेळी आपापलं गाणं गात असतात. अशा संघाला टाळ्या पडतात, पण तो जिल्ह्याच्या पुढे जात नाही. वर्षभराची तयारी टप्प्याटप्प्याने कशी करायची ते इथे लिहितो आहे. मांडणी महाविद्यालयीन संघाची असली तरी शाळा आणि हौशी मंडळांनाही यातलं बरंचसं वापरता येईल.

वाट कुठून जाते

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तिथल्या महाविद्यालयांची पहिली पायरी म्हणजे जिल्हा युवा महोत्सव. त्यातून मध्यवर्ती युवा महोत्सव, आणि मग विद्यापीठाचा संघ बाहेर पडतो. पुढे दोन वाटा फुटतात. एक ‘इंद्रधनुष्य’ची, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांमधल्या महोत्सवाची. दुसरी भारतीय विश्वविद्यालय संघाच्या म्हणजे एआययूच्या विभागीय महोत्सवाची. शिवाजी विद्यापीठ त्यात पश्चिम विभागात मोडतं. विभागात वरचा क्रमांक आला की राष्ट्रीय आंतरविद्यापीठ युवा महोत्सव.

साताऱ्यातल्या वाचकांनी एक गोष्ट आधी तपासावी. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही महाविद्यालयं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रवेश त्या विद्यापीठामार्फत होतो. जुन्या सवयीने भलत्या परिपत्रकाची वाट बघत बसू नका.

शाळेतली मुलं असतील तर भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून चालू आहे. तिथे गीतं परिषदेच्याच ‘चेतना के स्वर’ या संग्रहातून घ्यावी लागतात, त्यामुळे तयारी त्या पुस्तकापासूनच सुरू होते. शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सवही २०१५ पासून शालेय मुलांसाठी भरतो.

नियम आधी, गाणं नंतर

एआययूच्या भारतीय समूहगीताचे नियम मोजके आहेत. गायक जास्तीत जास्त सहा, साथीदार जास्तीत जास्त तीन. गाण्याला दहा मिनिटं. रंगमंचावर बसून वाद्यं लावायला चार मिनिटं, ती दहात धरत नाहीत. चित्रपटगीत चालत नाही. मूल्यमापन फक्त गायनाच्या दर्जावर होतं. वेशभूषा, रंगभूषा आणि हावभाव यांना गुण नाहीत.

हा शेवटचा नियम प्रत्येक सांस्कृतिक विभागाच्या भिंतीवर लावायला हवा. सहा नऊवारी, सहा फेटे, भाड्याचे दागिने यांवर जो पैसा जातो त्यात महिनाभर चांगला ढोलकीवादक सरावाला बोलावता येतो. स्वच्छ, एकसारखे, श्वास घेताना न काचणारे कपडे पुरेत. पोटावर घट्ट आवळलेल्या कपड्यांत दीर्घ स्वर टिकत नाही, हे ज्यांनी गायलं आहे त्यांना ठाऊकच आहे.

जिल्हा पातळीवर वेळेत किंवा संख्येत थोडाफार फरक असू शकतो. म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक छापून घ्या आणि वयाची अट नीट वाचा. एआययूची अट साधारण पंचवीस वर्षांच्या आतली असते आणि ती ठरावीक तारखेला मोजली जाते. पदव्युत्तर वर्गातला तुमचा सर्वांत पक्का गायक त्यात बसतो का, हे जुलैतच कळलेलं बरं.

गायक निवडताना

निवड चाचणीला प्रत्येकाने आपलं ठेवणीतलं गाणं म्हणायचं, ही पद्धत समूहगीताला उपयोगाची नाही. त्यातून एकलगायक सापडतात. मी अशी चाचणी घेतो. तानपुऱ्यावर एकेकाला षड्ज (सा) आणि पंचम (प) आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, लांब धरायला लावायचा. मग दोघांना एकत्र तोच स्वर. कोण दुसऱ्याचं ऐकून आपला आवाज लहान करतो, कोण स्वर किंचित सरकवून जुळवून घेतो आणि कोण डोळे मिटून आपल्याच जोरात राहतो, ते अर्ध्या मिनिटात दिसतं. पहिले दोन घ्या. तिसऱ्याला एकल सुगम गायनात पाठवा. तो तिथे चमकेल.

यानंतर एक ओळ गाऊन दाखवा आणि जशीच्या तशी म्हणायला सांगा. ज्याला प्रत्येक वेळी नवी हरकत, म्हणजे सुरांची छोटी सजावट, सुचते त्याच्याशी मोकळेपणाने बोला. सहा जणांत एकाचीच मुरकी वेगळी पडली तर ती परीक्षकाला बेसूर वाटते, मग ती कितीही सुंदर असो.

सहाच्या संघासाठी आठ जण तयार करा. आजारपण, परीक्षा, घरचं लग्न यांत दोघे गळतातच. आणि निदान तिघे पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे असू द्या.

पट्टी : इथेच संघ घडतो किंवा बिघडतो

मुलामुलींच्या एकत्र संघात सर्वांत कठीण प्रश्न पट्टीचा, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा याचा, असतो, आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. मुलगे साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराच्या, आसपास मोकळे असतात, मुली काळी चार किंवा पाचला. बहुतेक ठिकाणी पेटीवाले सर मधली कुठली तरी पट्टी धरतात आणि सगळे कसेबसे रेटतात.

हिशेब करून बघा. (खालचं सप्तक मंद्र, मधलं मध्य, वरचं तार.) काळी चार धरली आणि मुलगे मुलींच्याच सप्तकात गायले, तर तार षड्जालाच त्यांना काळी एकचा तार पंचम गाठावा लागतो. नसा ताणल्या जातात. ते खालच्या सप्तकात गेले तर मध्य षड्जच त्यांच्या नेहमीच्या मंद्र पंचमावर येतो आणि त्याखाली जागाच उरत नाही. उलट काळी एक धरली की मुलगे घरात येतात आणि मुली त्यांच्या वरच्या सप्तकात गातात. मुलींचा तार षड्ज तेव्हा काळी चारच्या तार मध्यमाएवढा (म) उंच होतो. तिथपर्यंत ठीक, त्याच्या वर आवाज फाटतो.

यातून दोन मार्ग निघतात. चाल मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत असेल तर काळी एक घ्या, मुली वरच्या सप्तकात. तार षड्जापलीकडची एखादी जागा असेल तर ती फक्त मुलग्यांना द्या आणि मुलींनी तेवढ्यात षड्ज किंवा पंचम धरून ठेवावा. चाल मध्य षड्जाखाली उतरत नसेल तर पांढरी तीन किंवा चार धरून सगळे एकाच सप्तकात गाऊ शकतात, मात्र वरची धाव तार ऋषभापाशी (रे) थांबली पाहिजे. एकाच सप्तकातल्या या गायनाला घट्टपणा असतो; पोवाड्याच्या किंवा गोंधळाच्या अंगाच्या गाण्याला तो फार शोभतो.

पट्टी ठरवायला दोन सराव गेले तरी चालतील. पूर्ण गाणं तीन पट्ट्यांत म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका. एकदा ठरली की मात्र बदलू नका, कारण तबल्याचं दायाँ (उजवा), बासरी आणि तानपुरा सगळंच त्यावर बेतायचं असतं.

गाणं कोणतं

ठरलेली दहा-बारा देशभक्तिपर गीतं दर महोत्सवात फिरत असतात. ती वाईट नाहीत, पण परीक्षकाने ती सकाळपासून चारदा ऐकलेली असतात. माझा आग्रह स्वतःच्या रचनेचा आहे. शब्द मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम यांचं अपार काव्य आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. माण, खटाव, जत या भागांत जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याकडे बसून ओव्या उतरवून घेतल्या तर शब्द आणि चाल दोन्ही हाती लागतात. हयात कवीची कविता घेत असाल तर त्यांना विचारा आणि प्रवेशिकेवर कवीचं व संगीतकाराचं नाव लिहा.

पुढे परराज्यात मराठी न कळणारे परीक्षक असतात, म्हणून मराठी सोडून हिंदीकडे पळू नका. नियमात प्रादेशिक भाषा चालते. शब्द कळले नाहीत तरी रचनेतून भाव पोचायला हवा, एवढंच. त्यासाठी गाण्याला चढण हवी. सुरुवातीला विलंबित, तालाशिवायची ओवी किंवा आलाप, मग मुखडा ठेक्यात, मध्ये एका अंतऱ्यात वाद्यं थांबवून नुसते आवाज, शेवटाकडे दुगुण, म्हणजे दुप्पट लय. प्रत्येक भागाला कारण असावं. गोंधळ, भारूड, वासुदेव आणि सरगम हे सगळं एकाच गाण्यात कोंबलेले संघ दिसतात. कान दमतो.

दहा मिनिटं मिळतात म्हणून दहा मिनिटं गायची नसतात. सहा ते सात मिनिटांचं बांधीव गाणं चांगलं. साडेनऊ मिनिटांची रचना रंगमंचावर लय थोडी पडली की वेळेबाहेर जाते.

तीन साथीदारांत पेटी हवीच. दुसरा असा निवडा जो तबला आणि ढोलकी दोन्ही वाजवतो. मग तिसरी जागा संबळ, डफ किंवा बासरीसाठी मोकळी राहते. कीबोर्ड घेतलात तर त्यावर तयार ठेके वाजवू नका; गाण्याचा जीव जातो.

आवाजांची मांडणी

सहाही जणांनी पूर्ण वेळ एकच ओळ गायची आणि मधूनच एखाद्याने वेगळा स्वर लावायचा, याला मांडणी म्हणत नाहीत. सर्वांत सोपी आणि आपल्या मातीतली रीत सवाल-जवाबाची आहे. दोघांनी ओळ टाकायची, चौघांनी झेलायची. शाहीर आणि त्याच्यामागे ओळ झेलणारे झिलकरी हेच तर करतात. दुसरी रीत आधारस्वराची : तिघांनी षड्ज-पंचम धरायचा, तिघांनी त्यावर चाल गायची. तिसरी, एक गट चार मात्रांनी मागून तीच ओळ सुरू करतो. ती दिसते सोपी, पण चाल त्यासाठी मुद्दाम बांधावी लागते. नाहीतर शब्दांचा चिखल होतो.

हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर, वापरायची असेल तर राग सांभाळून वापरा. उदाहरणार्थ, भूप रागाच्या (सा रे ग प ध) अंगाची चाल घ्या. त्यातले स्वर एकाआड एक जोडले तर सा-ग ही एकच जोडी तिसऱ्या स्वराची येते. रे-प, ग-ध, प-सां या सगळ्या चौथ्या स्वराच्या अंतरावर पडतात. ओळभर असं समांतर गायलं की मध्येच रंग बदलल्यासारखा वाटतो, आणि तो झाकायला मध्यम किंवा निषाद घेतला तर भूपच उरत नाही. म्हणून ओळ एकसुरात गाऊन हार्मनी फक्त न्यासाच्या स्वरावर, जिथे थांबायचं आहे तिथे, फुलवा. परिणाम दुप्पट होतो.

सराव

पहिला पंधरवडा पेटी बंद. नुसता तानपुरा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या दारात जगातले उत्तम तानपुरे बनतात, तर वर्षातून एकदा तरी मुलांना खरा जुळलेला तानपुरा समोर बसून ऐकवा. रोजच्या सरावाला फोनवरचा तानपुरा चालेल. पेटीच्या मागे लपून गाणाऱ्या संघाचा सूर कच्चा राहतो, कारण पेटीचा आवाजच चुका झाकतो. पेटी बंद असली की प्रत्येकाचा कान शेजाऱ्याकडे लागतो.

सगळ्यांनी गोल बसावं, एकमेकांकडे तोंड करून. आधी खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, ओंकार, मग एकेका स्वरावर आकार. आकाराची उघड सहा जणांची सारखी हवी. कुणाचा ‘आ’ ‘ऑ’कडे झुकतो, कुणाचा ‘अ‍ॅ’कडे, आणि सूर जुळूनही आवाज जुळत नाही. हे दुरुस्त करायला वेळ लागतो पण फरक विलक्षण पडतो. त्यानंतर व्यंजनं. ओळीच्या शेवटी ‘त’ किंवा ‘स’ आला की सहा वेळा ऐकू येतो. तो नेमका कोणत्या मात्रेवर म्हणायचा ते ठरवा. ‘च’, ‘ज’, ‘झ’चे दोन-दोन उच्चार, ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांवर पेन्सिलने खुणा करा. ओव्या किंवा गोंधळ असेल तर बोलीचा उच्चार पुसू नका, तो गाण्याचा अलंकार आहे. मात्र सहाही जणांनी एकच बोली बोलावी.

श्वासाच्या जागाही कागदावर हव्यात. लांब स्वर असेल तर तिघांनी आधी, तिघांनी नंतर श्वास घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही.

लय वाढणं हा समूहाचा जुनाच रोग. आठवड्यातून एकदा मेट्रोनोम लावून सुरुवातीची आणि शेवटची लय मोजा. जिथे वाढते ती ओळ सापडते. बहुतेकदा ती शब्दांची गर्दी असलेली किंवा पाठ नसलेली ओळ असते. हातावर ताल देत, शब्द नुसते बोलून ती दहादा म्हटली की सुटते.

ध्वनिमुद्रण करताना फोन गायकांच्या पायाशी ठेवू नका. परीक्षक जिथे बसणार तेवढ्या अंतरावर ठेवा, मग कुणाचा आवाज वर येतो ते खरं कळतं.

वेळापत्रकात गणपती धरा. आपल्याकडे ढोलकी-तबलावाले त्या दिवसांत सापडत नाहीत आणि मुलं मंडळात आरत्या, घोषणा करून घसा बसवून येतात. ते बंद करा म्हणणं योग्य नाही. ते दिवस मांडणी, शब्द, अर्थ आणि हलक्या आवाजातल्या सरावाला द्या, आणि विसर्जनानंतर दोन दिवस पूर्ण विश्रांती.

कागदपत्रं आणि प्रवास

सांस्कृतिक विभागाच्या समन्वयकांना जुलैतच भेटून नाव नोंदवा. ओळखपत्र, बोनाफाईड, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, फोटो आणि प्राचार्यांच्या सहीची प्रवेशिका यांचे प्रत्येकी दोन संच एका फाईलमध्ये ठेवा. साथीदार विद्यार्थीच हवेत की बाहेरचे चालतील, हे लेखी विचारून घ्या. गाण्याचे शब्द देवनागरीत टाईप करून खाली हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींचा भावार्थ द्या. विभागीय आणि राष्ट्रीय फेरीत तो परीक्षकांच्या हाती पडला तर ते वेगळ्याच लक्षाने ऐकतात.

मध्यवर्तीनंतर संघ विद्यापीठाचा होतो. निवड आणि सराव शिबिरात इतर महाविद्यालयांचे गायक येऊ शकतात, तुमच्यातले काही गळू शकतात. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

कातडी वाद्यांना हवेशी जुळवून घ्यावं लागतं. सप्टेंबरमध्ये पाटण-महाबळेश्वरकडे दमट हवेत डफ आणि ढोलकी सैल पडून स्वर उतरतो, उत्तरेतल्या कोरड्या थंडीत तीच ताणून चढतात, आणि बासरी मात्र थंडीत उतरते. त्यामुळे हातोडी, जादा दायाँ आणि डफ शेकायची सोय सोबत हवी, आणि गाण्यापूर्वी बासरी फुंकून गरम केलेली हवी. वाद्यं गाडीच्या टपावर चढवू नका.

रंगमंचावर

त्या चार मिनिटांचाही सराव करा. कोण कुठे उभं राहणार, पेटी कुठल्या बाजूला, कोणता माइक कुणाचा, हे ठरलेलं असेल तर दोन मिनिटांत संघ तयार होतो आणि उरलेल्या वेळात षड्ज कानात मुरवता येतो. माइक किती मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून सहा जणांत दोन आणि सहा जणांत चार अशा दोन्ही तऱ्हांनी गाऊन बघा. मोठ्या आवाजाचा गायक अर्धं पाऊल मागे. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांना नमस्कार करून एकच विनंती करायची : पेटी आणि तानपुरा गायकांच्या बाजूच्या स्पीकरमध्ये द्या. बाकी सूचना देण्यात वेळ जातो.

त्या दिवशी सकाळी पूर्ण गाणं मोठ्याने गाऊ नका. खर्ज, आकार, आणि फक्त सुरुवात व शेवट. पहिली ओळ एकत्र उचलली गेली की सहाही जणांचा धीर वाढतो, म्हणून ती उचलण्याची खूण एकाच्या श्वासावर ठेवा, हाताच्या इशाऱ्यावर नको.

निकालानंतर परीक्षक मोकळे असतील तर नम्रपणे जाऊन काय कमी पडलं ते विचारा आणि तिथेच लिहून घ्या. जिल्हा आणि मध्यवर्ती यांच्यात मिळणाऱ्या दिवसांत नवं गाणं बसवू नका. त्या टिपणातल्या दोनच गोष्टी सुधारा. वर्ष संपताना स्वरलिपी, श्वासाच्या खुणा, पट्टी, लय आणि शेवटचं ध्वनिमुद्रण एका पेन ड्राइव्हवर घालून विभागाच्या कपाटात ठेवा आणि त्याची प्रत पहिल्या वर्षाच्या मुलांकडे द्या. जूनमध्ये नवा संघ त्यावरून षड्ज लावेल.